घरातील भट्टी

बिटकॉइनच्या खाणीत ना कुदळ लागते, ना पहार. लागते ती केवळ वीज, आणि तीही अखंड. ह्या कामासाठी बनविलेले एक यंत्र सुमारे ३,२५० वॅट खाते, म्हणजे दिवसाला ७८ युनिट! ही सारी वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या माजलगावात असे यंत्र बंद खोलीत ठेवणे म्हणजे घरात भट्टी पेटविणेच होय.

एमसीबी बसविला की झाले, हा समज भाबडा आहे. २३० व्होल्टवर हे यंत्र १४ अँपिअर ओढते. १६ अँपिअरचा सॉकेट ते तासभर पेलेल, अहोरात्र पेलेलच असे नव्हे. सैल स्क्रूपाशी तार तापते, प्लास्टिक वितळते, आणि एमसीबी मात्र स्वस्थ असतो. कारण त्याच्या लेखी प्रवाह वाढलेलाच नसतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात शिशूंच्या कक्षास आग लागून १० बालके दगावली, तीही अहोरात्र चालणाऱ्या उपकरणांच्याच खोलीत.

आणि हे कशासाठी? इथेरियमचे खाणकाम सप्टेंबर २०२२ मध्येच संपले. आभासी चलनाच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि त्यातून विजेचे बिल वजा होत नाही! तरीही ज्यास हा खटाटोप करावयाचाच आहे, त्याने आधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा, यंत्रास स्वतंत्र जाड तार ओढावी, आणि ते निजण्याच्या खोलीत तर मुळीच ठेवू नये.