एक्सएमएल म्हातारं झालं?

'एक्सएमएल कशाला, जेसन आहे की!' हे होस्टेलवर रोज ऐकतो. मान्य, जेसन सुटसुटीत आहे. पण नवी पेठेत चहाचे पैसे यूपीआयने देता, तेव्हा बँक आणि एनपीसीआय यांच्यात जाणारा निरोप एक्सएमएलमध्येच असतो! देणारा, घेणारा, रक्कम, सगळ्यांना वेगळे टॅग, वर डिजिटल सही.

माझ्या मेसबिलाच्या प्रोजेक्टात मी नुसते स्वल्पविराम टाकून डेटा पाठवला. एका रांगेत क्रम चुकला आणि २१४ नंबरच्या खोलीला महिन्याचं बिल आलं २१४ रुपये! उरलेले मेस सेक्रेटरीने खिशातून भरले.

जेसन घ्या नाहीतर एक्सएमएल, पण रचना आधी ठरवा. जेकार्ड चादरीची नक्षीसुद्धा मागावर चढण्याआधी ग्राफ पेपरवर उतरते. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको!