सिन्नरच्या विडी कामगाराचे ‘स्वातंत्र्य’

१/ ॲपवरून घरोघरी जेवण पोहोचवणारा तरुण ‘कामगार’ नसून ‘भागीदार’ आहे, आणि हा प्रश्न नव्या युगाचा असल्याने जुने दाखले त्याला लागू पडत नाहीत, असे हल्ली ठामपणे सांगितले जाते. हे विधान इतिहासाला धरून नाही. हाच वाद नागपूर आणि सिन्नरच्या विडी कारखान्यांतून साठ वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. #धागा

२/ वादाचा गाभा असा. जुनी इंग्रजी कसोटी नियंत्रणाची होती. काय करायचे एवढेच मालक ठरवत असेल, तर करणारा कंत्राटदार. कसे करायचे हेही ठरवू शकत असेल, तर तो नोकर. भरपगारी रजेसारखे हक्क या एकाच उत्तरावर टांगलेले असत.

३/ १९५६ साली कच्छच्या रणातील मिठागरांचा खटला आला. आगरियांना मिठाच्या वजनावर मोबदला मिळे आणि मदतीला माणसे ठेवण्याचीही मुभा होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच ठरवले, कारण कामाच्या पद्धतीवर कंपनीची देखरेख होती.

४/ डिसेंबर १९६० मध्ये नागपूरचा निकाल लागला. विडी कामगारांना नगावर मजुरी होती, येण्याजाण्याची सवलत होती. पण दुपारनंतर आल्यास काम मिळत नसे आणि दर्जात न बसणाऱ्या विड्या नाकारल्या जात. न्यायालयाने त्यांना कामगार मानले.

५/ वर्षही उलटले नाही तोच, १९६१ मध्ये, सिन्नरच्या कामगाराबाबत नेमका उलटा निकाल आला! वाद होता अवघ्या चार दिवसांच्या रजेच्या पगाराचा. तो कारखान्यात बसूनच विड्या वळत असे, पाने आणि तंबाखू मालकाचीच. पण त्याने केव्हा यावे, किती वळावे यावर बंधन नव्हते. म्हणून बहुमताने तो कारखाने अधिनियमाखालील कामगार ठरला नाही.

६/ माझा आक्षेप येथेच आहे. मजुरी नगावर असली की घड्याळ लावण्याची मालकाला गरजच उरत नाही. पोटाची भूकच हजेरी घेते. खरी सत्ता माल पारखणाऱ्याच्या हातात असते. विडी नापास झाली की श्रम बुडाले. ज्याला दर ठरवता येत नाही, दुसरे गिऱ्हाईक शोधता येत नाही आणि ‘नापास’ या शब्दावर दाद मागता येत नाही, त्याला स्वतंत्र म्हणणे ही थट्टा आहे.

७/ न्या. सुब्बा राव यांनी त्याच खटल्यात भिन्नमत नोंदवून त्याला कामगार मानले होते. पुढे १९७३ मध्ये शिवणकाम करणाऱ्या कारागिरांच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की, तयार माल नाकारण्याचा अधिकार हेही नियंत्रणच होय.

८/ संसद त्याआधीच जागी झाली होती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले आणि नाकारलेल्या विड्यांच्या तंट्यांसाठी निवाड्याची सोय केली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला.

९/ खरे स्वतंत्र व्यावसायिक असतातच. स्वतःचा दर सांगणारा, चार गिऱ्हाइके सांभाळणारा, नफातोटा स्वतः सोसणारा सुतार कोणाचा नोकर नाही. त्याला बळेच नोकर ठरवा, असे कोणीही म्हणत नाही. पण ॲपवरचा तरुण दर ठरवतो का? तारे कमी पडल्यावर काम बंद झाले, तर दाद कोठे मागतो?

१०/ २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर केली. त्याच्यासाठी कल्याणकारी योजनांची तरतूद झाली, हे मान्य. पण योजना ही कृपा असते आणि रजेचा पगार हा हक्क. १९६६ मध्ये घरात बसून विड्या वळणाऱ्या बाईला जे नाते कायद्याने दिले, ते आज रस्त्यावरच्या तरुणाला नाकारले जात आहे. सिन्नरचा तो निकाल आपण पुन्हा एकदा लिहीत आहोत, या वेळी कायद्याच्या पुस्तकातच.