वेळापत्रकात विस्मरणाचा हिशेब

प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाचे वेळापत्रक म्हणजे उरलेल्या दिवसांची धड्यांमध्ये केलेली वाटणी, अशी समजूत बारावी विज्ञान शाखेच्या घरोघरी रूढ आहे. परंतु या वाटणीत एकदा वाचलेले परीक्षेपर्यंत शाबूत राहते, असे न बोलता गृहीत धरलेले असते. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आणि ठरावीक काळानंतर ते पुन्हा पाठ करण्यास किती श्रम पडतात हे मोजून १८८५ साली दाखवून दिले, की विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि पुढे मंदावते. अर्थपूर्ण मजकूर इतक्या वेगाने विसरला जात नसला, तरी तोही विसरला जातोच.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या सीईटीच्या, म्हणजे राज्य सामाईक प्रवेश परीक्षेच्या रचनेत हा मुद्दा विशेष ठळक होतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी ५० प्रश्न असतात. त्यांपैकी गणिताचा प्रश्न २ गुणांचा व इतर दोन विषयांचा १ गुणाचा असल्याने एकूण २०० गुणांपैकी निम्मे गुण एकट्या गणिताला जातात. प्रश्नांपैकी सुमारे २० टक्के अकरावीच्या निवडक प्रकरणांवर आणि उरलेले बारावीवर असतात. बारावीची बोर्डाची परीक्षा मात्र अकरावीच्या प्रकरणांवर स्वतंत्र प्रश्न विचारत नाही, त्यामुळे प्रात्यक्षिके, पूर्वपरीक्षा आणि फेब्रुवारी-मार्चमधील लेखी परीक्षा या सगळ्या धामधुमीत बारावीची आपोआप उजळणी होत असताना अकरावीचे सुमारे ४० गुण कोणाच्याही लक्षात न येता झिजत राहतात. ही प्रकरणे 'बोर्ड संपल्यावर बघू' म्हणून एप्रिलवर ढकलण्याची पद्धत सर्वत्र आढळते आणि ती सर्वांत महागात पडणारी आहे, कारण तेव्हा उजळणीऐवजी नव्याने शिकण्याची वेळ येते.

यावर उपाय अंतर-उजळणीचा, म्हणजे एकाच भागाकडे मुद्दाम अंतर ठेवून पुन्हा पुन्हा वळण्याचा. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चाचणी वर्षभर दूर असेल तर दोन अभ्याससत्रांमधील अंतर त्या काळाच्या सुमारे ५ ते १० टक्के, म्हणजे साधारण अडीच ते पाच आठवडे, असणे सर्वाधिक लाभदायक ठरले. चाचणी जवळ असेल तेव्हा हे अंतर दिवसांच्या हिशेबाने कमी होते. तो प्रयोग सुट्या माहितीच्या स्मरणाचा होता, गणिते सोडवण्याचा नव्हे, म्हणून हे आकडे काटेकोर नियमासारखे वापरू नयेत. तरीही जून ते दिवाळी या काळात अकरावीची प्रकरणे एकदा पूर्ण करून पुढे दर तीन-चार आठवड्यांनी त्यांवरील वीस-पंचवीस प्रश्न पुस्तक मिटून सोडवणे, इतके त्यावरून निश्चित करता येते. पुस्तक मिटण्याचा आग्रह येथे महत्त्वाचा, कारण पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख ज्ञान समजली जाते.

वेळापत्रक आखायचे ते परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत. बोर्ड आणि सीईटी यांच्यामधील थोडे आठवडे वेगाच्या सरावासाठी राखावे लागतात: गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न म्हणजे प्रत्येकी १०८ सेकंद मिळतात, तर भौतिक व रसायन मिळून तेवढ्याच वेळात १०० प्रश्न असल्याने अवघी ५४. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत पायऱ्या मांडण्याची सवय झालेल्या हाताला हा बदल एका आठवड्यात जमत नाही. चुकीच्या उत्तराला गुणकपात नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा न सोडण्याचा सरावही याच काळात करावा लागतो.

त्याच्या मागे बोर्डाचे महिने, त्यामागे दिवाळी, सहामाही आणि गणेशोत्सव. हे दिवस पूर्ण क्षमतेचे धरणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली ज्याला नाव दिले, त्या 'नियोजन-भ्रमा'चा, म्हणजे स्वतःच्या कामाला लागणारा वेळ सातत्याने कमी धरण्याच्या प्रवृत्तीचा, हा घरगुती नमुना आहे. म्हणून आठवड्यातील एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवून मागील सहा दिवसांची थकबाकी त्यात वसूल करावी. भिंतीवरच्या तक्त्यात असा कोरा रकाना दिसला, की पालक तिथे बहुधा आणखी एका क्लासची वेळ लिहून टाकतात.