गाडीला वारस आहेत, उस्तादाला नाहीत

दक्षिण मुंबईत जुन्या गाड्यांची रॅली निघाली की मी बघायला जातो. मला त्या आवडतात, हे आधीच सांगतो. मागे एका मस्टँगपाशी माझ्याच वयाचे एक गृहस्थ उसासा टाकून म्हणाले, "काय दिवस होते!" मी विचारलं, "कोणाचे?" ते हसले आणि पुढच्या गाडीकडे वळले.

प्रश्न मात्र मी सोडलेला नाही. मस्टँग अमेरिकेत आली १९६४ साली. तेव्हा आपल्याकडे परदेशी गाडी आणणं सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघत होती आणि तीही मिळायला नंबर लावावा लागे. मस्टँगचे दिवस गिरगावचे नव्हते, परळचेही नव्हते. आपण दुसऱ्याच्या आठवणींवर उसासे टाकतोय, आणि आपल्या आठवणी भंगारात काढतोय.

अमेरिकन गाड्यांशी आपलं नातं नव्हतं असं नाही. ते चांगलं घट्ट होतं. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत कारखाना काढला आणि तिथे शेव्हरोले जोडल्या जाऊ लागल्या. लालबाग-परळहून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायसलरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ तयार केल्या. १९५३ साली सरकारने सांगितलं, नुसत्या जोडू नका, इथे बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. गाड्या राहिल्या.

त्या कोणी चालत्या ठेवल्या? सुटा भाग डेट्रॉइटहून येणार नव्हता. तो चोर बाजारात शोधायचा, ऑपेरा हाउसच्या दुकानांत विचारायचा, नाहीच मिळाला तर लेथवर घडवून घ्यायचा. हे काम करणारे उस्ताद आणि त्यांच्या हाताखालचे छोकरे. त्यात आपले लोक भरपूर होते. सरदारजी होते, कोकणातले मिस्त्री होते. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारी ही माणसं. त्यांचं पुस्तक नव्हतं, डिग्री नव्हती. शागिर्दाच्या पाठीत बसलेली थाप हेच प्रमाणपत्र. भाषा शिकवतो म्हणून सांगतो : लालबागच्या तालमीतला वस्ताद आणि ग्रँट रोडच्या गॅरेजातला उस्ताद हा एकच शब्द आहे. मान मात्र एकाच्याच वाट्याला आला.

आता कायदा बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी खासगी गाडी 'व्हिंटेज' ठरते. तिला वेगळी नंबर प्लेट मिळते. मुंबईतल्या टॅक्सीचं आयुष्य मात्र वीस वर्षांचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. शेठची गाडी म्हातारी झाली की वारसा, ड्रायव्हरची म्हातारी झाली की भंगार.

कोणी म्हणेल, मास्तर, टॅक्सी रोज धावते, धूर सोडते, तिची तुलना वर्षातून एकदा निघणाऱ्या गाडीशी कशी? बरोबर आहे. वीस वर्षांची अट मला मान्य आहे. माझ्या विद्यार्थ्यांनाही फुप्फुसं आहेत. माझं भांडण रस्त्याबद्दल नाही, आठवणीबद्दल आहे. निदान एक पद्मिनी जपा, ही टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची मागणी होती. मी म्हणतो, गाडीबरोबर तिची माणसंही जपा. गिरण्यांच्या बाबतीत आपण काय केलं ते समोर आहे. मॉलच्या आवारात चिमणी शोभेला ठेवली आणि कामगाराला बाहेर काढलं.

आणि दोष फक्त शेठलोकांचा नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर मुलं 'बिझनेस' लिहितात. हळूच विचारलं की कळतं, अब्बा गॅरेजात आहेत. लग्नाच्या बोलणीत तर 'गॅरेज' हा शब्द आपण गिळूनच टाकतो. मुघलांच्या इमारतींचा अभिमान आपल्याला तोंडपाठ. ज्याने बंद पडलेली प्लिमथ पुन्हा सुरू केली त्या दादाजानचं नाव सांगताना मात्र जीभ अडखळते. ज्यांना आपणच लपवतो, त्यांना रॅलीवाल्यांनी का शोधावं?

म्हणून दोन गोष्टी मागतो. रॅलीत गाडीसमोर मालकाच्या नावाची पाटी असेल, तर तिच्यावर त्या गाडीच्या मेकॅनिकचंही नाव लिहा. एक ओळ पुरे. आणि आपल्या घरात, मोहल्ल्यात जे उस्ताद अजून हयात आहेत, त्यांच्याशेजारी एक संध्याकाळ बसा, फोनवर त्यांचा आवाज भरून घ्या. कोणता भाग कशातून घडवला, कोणाकडून शिकले, कोणाला शिकवलं, एवढंच विचारा. आणि पुढच्या जूनमध्ये फॉर्म भरताना 'मोटर मेकॅनिक' असं स्पष्ट लिहा. अक्षर चांगलं काढा.