उन्हाळी चाचणी आषाढापर्यंत चालावी

शोभेचे झाड उष्णता किती सोसेल हे केवळ तापमापीवरून ठरत नाही, ही बाब अवसरी खुर्द आणि आंबेगाव तालुक्याच्या पठारी भागातील रोपवाटिकाधारकांनी विशेष ध्यानात घेणे आवश्यक आहे. अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीचा १९९७ चा उष्णता-विभागांचा नकाशा वर्षातील किती दिवस पारा ३० अंश सेल्सिअसच्या वर जातो एवढेच मोजतो. हवा कोरडी की दमट, याची दखल तो घेत नाही. पुण्याकडील रोपवाटिकांत विकली जाणारी पुष्कळ रोपे मात्र आंध्रातील गोदावरीकाठच्या दमट कडियम परिसरातून येतात. तेथील दुपार ३४ अंश व ६५ टक्के आर्द्रतेची आणि येथील वैशाखातली दुपार ३८ अंश व २० टक्के आर्द्रतेची धरली, तर बाष्पदाबाची तूट, म्हणजे पानांतून पाणी ओढून घेण्याची हवेची क्षमता, येथे अडीचपटींहून अधिक भरते. त्यामुळे तेथे तरारलेला क्रोटन येथे कडांनी करपला, तर त्यात नवल नाही.

शेडनेटखाली पिशवीत घेतलेली चाचणी तर अपुरीच म्हणावी लागेल, कारण लाल मातीत निरोगी दिसणाऱ्या एक्झोराला चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतील लोह घेता येत नाही आणि त्याची कोवळी पाने, शिरा हिरव्या राहूनही, पिवळी पडतात. सर्व वाणांना ठिबकने सारखेच पाणी देणे वरवर न्याय्य वाटते, परंतु बोगनवेल ताणावर फुलते व मुबलक पाण्यावर नुसता पाला काढते, तेव्हा पाण्याच्या किमान दोन पातळ्या ठेवल्याशिवाय गुण देऊ नयेत.

ॲलन आर्मिटेज व मायकेल डर यांनी १९८२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात सुरू केलेल्या चाचणी-उद्यानात ऊन आणि पाऊस एकाच मोसमात झाडाची परीक्षा घेतात. दख्खनमध्ये ते एकापाठोपाठ येतात. मे महिन्यात अव्वल ठरलेली सदाफुली जुलैत पाणी साचलेल्या काळ्या जमिनीत फायटोफ्थोरासारख्या रोगांनी कुजते, म्हणून चैत्रात लावलेल्या वाफ्यांचा निकाल आषाढ सरेपर्यंत राखून ठेवणे आणि मेलेल्या रोपांची तारीख व कारण जगलेल्यांइतक्याच काटेकोरपणे नोंदवणे इष्ट ठरेल.

घाणेरी या साऱ्या कसोट्यांना सहज उतरेल, हे खरे. पण पक्ष्यांनी तिचे बी सह्याद्रीच्या रानांत किती दूरवर नेले हे सर्वज्ञात असल्याने, फळ धरणाऱ्या वाणांची शिफारस त्यांच्या प्रसाराची स्वतंत्र तपासणी झाल्याखेरीज केली जाऊ नये.