'टेन्शन' म्हणजे नेमकं काय?

मंडणगडच्या आपल्या वाड्यावस्त्यांत मनाच्या सगळ्या दुखण्यांना एकच इंग्रजी शब्द चालतो: टेन्शन. मुंबईच्या मुलाचा फोन आला नाही, टेन्शन. पंधरा दिवस झोप नाही, जगणं नकोसं झालंय, तेही टेन्शनच! डॉक्टरांनी यातून काय समजावं? आम्हाला वाटतं, आणखी दोन शब्द घराघरांत कळायला हवेत. डिप्रेशन म्हणजे दोन आठवडे किंवा अधिक टिकलेली उदासी, कशातच मन न लागणं. अँग्झायटी म्हणजे सततची धास्ती, छातीत धडधड. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं. शब्द आठवला नाही तर 'जीव घाबरतो, झोप नाही' एवढं सांगितलं तरी चालतं. मरणाचे विचार येत असतील तर तेही लपवू नये. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथवर जाणं जमेना, तर टेलिमानसच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. चोवीस तास, मोफत.