दारू थांबल्यानंतरचे दिवस

वाचकहो, वर्षानुवर्षे रोज मद्य घेणाऱ्या वडिलांना खोलीत कोंडून त्यांची दारू तोडण्याचा उपाय कृपया करू नका. एकाएकी मद्य बंद झाल्यास हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. उतारवयात हा धोका अधिक. ते दिवस वैद्यकीय देखरेखीखालीच जावेत.

खरा प्रश्न त्यानंतरचा. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणात निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात. ‘इतके दिवस कशाला?’ असे आपल्या सोलापुरातील नातेवाईक मला हटकून विचारतात. शरीर बहुधा लवकर सावरते. पण दारूआड दडलेले नैराश्य, जोडीदार गेल्यानंतरचे एकाकीपण, निवृत्तीनंतरचा रिकामा दिवस यांना वेळ द्यावा लागतो. त्यासाठीच तेथे समुपदेशन, गटचर्चा आणि नियमित दिनक्रम असतो. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही आहे. तो मला विशेष मोलाचा वाटतो, कारण तोवर घरची माणसेही खचलेली असतात.

दाखल करताना चालू औषधांची यादी सोबत द्यावी. झोपेची गोळी रोज लागत असेल, तर तेही न लपवता सांगावे. तीसुद्धा एकाएकी तोडणे धोक्याचे असते.